इंग्रजी वचनाचे लॅटिन करताना मराठी येते कामाला

सोनपेठ (जि. परभणी) : प्रस्तुत प्रतिनिधीच्या सोनपेठ येथील घरात एक पितळी स्मृतिचिन्ह आहे. पत्रकारितेची पदविका घेऊन बाहेर पडताना आमच्या तुकडीने वर्गणी काढून ते करून घेतले होते. 'फॉर ट्रुथ' या दोन इंग्रजी शब्दांचे लॅटिन रूप म्हणून त्यावर 'प्रो वेरितास' असे कोरले आहे. शब्दकोशात 'फॉर'साठी 'प्रो' आणि 'ट्रुथ'साठी 'वेरितास' हे शब्द सापडले. ते शेजारी शेजारी लिहून कागद कोरणाऱ्याच्या हाती दिला, इतकेच आमचे भाषांतर. पुढे लॅटिन व्याकरणाचे पुस्तक चाळताना चूक ध्यानात आली. 'प्रो'च्या पुढे नाम आले की त्याचे रूप बदलते. 'वेरितास'चे 'वेरिताते' होते. 'घोड्यासाठी' ऐवजी कोणी 'घोडासाठी' म्हणावे, तशी ही चूक. सत्याच्या नावाने काढलेले आमचे पहिलेच वाक्य अशुद्ध निघाले आणि ते पितळेवर कायमचे राहिले.

असे प्रसंग विरळा नाहीत. शाळेचे बोधचिन्ह, क्रीडा मंडळाचे ढाल-करंडक, लग्नाची अंगठी, आई-वडिलांच्या स्मरणार्थ बसवलेली शिळा, अलीकडे दंडावर गोंदवून घेतलेली अक्षरे, अशा अनेक निमित्तांनी लहानसे इंग्रजी वचन लॅटिनमध्ये हवे असते. 2010 मध्ये गुगलच्या भाषांतर सुविधेत लॅटिनचा समावेश झाला आणि हे काम क्षणाचे वाटू लागले. परंतु जे दगडावर, धातूवर किंवा कातडीवर जाते ते खोडरबराने पुसता येत नाही. म्हणूनच हे भाषांतर होते कसे, हे समजून घेतले पाहिजे. मराठी माणसाला यात एक मोठी सोय आहे. लॅटिनच्या ज्या खाचाखोचांपाशी इंग्रजी वाचक अडखळतो, त्यांपैकी बऱ्याचशा मराठीत रोजच्या बोलण्यात आहेत. वचन आधी चांगल्या मराठीत आणले, तर लॅटिनचे अर्धे काम तेथेच होते.

मुंबईचे चार शब्द

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित लॅटिन वचन मुंबईचे आहे : 'उर्ब्स प्रीमा इन इंदीस'. 'हिंदुस्थानातील पहिले शहर' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर महापालिकेची 1893 मध्ये पूर्ण झालेली इमारत आहे. वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या इमारतीच्या दर्शनी भागावर पंख असलेली जी स्त्रीमूर्ती आहे, ती याच वचनाचे मूर्त रूप होय. महापालिकेच्या सध्याच्या बोधचिन्हावर मात्र, धर्म असेल तेथे जय असतो, अशा अर्थाचे संस्कृत वचन आहे.

या चार शब्दांत लॅटिनचे बरेचसे व्याकरण आले आहे. 'उर्ब्स' म्हणजे नगर. पण लॅटिनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळे 'पहिला' या अर्थाचा 'प्रीमुस' हा शब्द येथे 'प्रीमा' झाला. आपण 'पहिली नगरी' म्हणतो, तसेच. इंग्रजीतील 'द' या उपपदासाठी लॅटिनमध्ये शब्दच नाही. तो मराठीतही नाही, त्यामुळे आपल्याला त्याची उणीव भासत नाही. शेवटचा शब्द 'इंदीस'. 'इंदी' म्हणजे हिंदी लोक. त्याचे अनेकवचनी विभक्तिरूप 'इंदीस'. म्हणजे शब्दशः पाहता मुंबई 'हिंदी लोकांमध्ये पहिली' ठरते.

यातील 'इन'कडेही लक्ष दिले पाहिजे. 'भारतात राहतो' आणि 'भारतात जातो' या दोन्ही वाक्यांत मराठी 'भारतात' हे एकच रूप वापरते. लॅटिन तसे करत नाही. स्थिर असताना 'इन इंदिआ' आणि आत जाताना 'इन इंदिआम'. पहिल्या रूपातील शेवटचा स्वर लांब. संस्कृतात 'भारते वसति' आणि 'भारतं गच्छति' असा जो भेद आहे, तोच हा. शाळेत संस्कृतच्या तासाला विभक्तीचे तक्ते घोकलेल्या वाचकाला येथे त्या घोकंपट्टीचे फळ मिळते.

आंबा, तीळ आणि उपळसरी

विशेषणाने नामाचे लिंग धरावे, हा नियम इंग्रजीत नाही. 'गुड' हा शब्द मुलाला, मुलीला आणि मुलांना सारखाच लागतो. मराठीत चांगला, चांगली, चांगले अशी तीन रूपे होतात. लॅटिनमध्येही तीनच लिंगे आहेत. याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात आणि परसात सापडतो. आंब्याचे शास्त्रीय नाव 'मँजिफेरा इंडिका', तिळाचे 'सेसमम इंडिकम' आणि उपळसरीचे 'हेमिडेस्मस इंडिकस'. तिन्ही नावांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'भारतीय' असाच आहे. पहिला शब्द स्त्रीलिंगी असेल तर 'इंडिका', नपुंसकलिंगी असेल तर 'इंडिकम', पुल्लिंगी असेल तर 'इंडिकस'.

सोनपेठ परिसरातील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाच्या नावातही हेच दिसते. देशी कापूस 'गॉसिपियम अर्बोरियम', म्हणजे झाडासारखा. अमेरिकन कापूस 'गॉसिपियम हिर्सुटम', म्हणजे केसाळ. 'गॉसिपियम' नपुंसकलिंगी, म्हणून दोन्ही विशेषणांच्या अंती 'अम'. केवळ शेवट पाहून लिंग ठरवणारा मात्र फसतो. चिंचेचे नाव 'टॅमरिंडस इंडिका' आहे. 'टॅमरिंडस' दिसायला पुल्लिंगी, तरी विशेषण स्त्रीलिंगी. कारण लॅटिनमध्ये झाडांची नावे परंपरेने स्त्रीलिंगी मानतात.

ब्रीदवाक्याच्या बाबतीत याचा परिणाम थेट माणसापर्यंत येतो. 'बॉर्न फ्री' हे दोन शब्द इंग्रजीत कोणालाही चालतात. लॅटिनमध्ये मुलासाठी 'नातुस लीबेर' आणि मुलीसाठी 'नाता लीबेरा' असे लिहावे लागते. 'मुक्त जन्मलेला' की 'मुक्त जन्मलेली', हे मराठीत आपोआप विचारले जाते. इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही. एखाद्या तरुणीने यंत्राने दिलेले पुल्लिंगी रूप गोंदवून घेतले, तर दोष तिचा नव्हे. पण ते वागवावे लागते तिलाच.

एका शब्दाचे वाक्य

1843 मध्ये सर चार्ल्स नेपियर यांनी मियानी येथील लढाईनंतर सिंध जिंकला. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडण्यात आला आणि 1936 पर्यंत इलाख्याचा भाग राहिला. विजयाची वार्ता कळवताना नेपियर यांनी केवळ 'पेक्कावी' या एका लॅटिन शब्दाची तार पाठवली, अशी आख्यायिका अजूनही सांगितली जाते. 'पेक्कावी'चे इंग्रजी 'आय हॅव सिन्ड', म्हणजे 'मी पाप केले'. कानाला ते 'आय हॅव सिंध' असे लागते. वस्तुतः हा विनोद नेपियर यांचा नव्हे. कॅथरिन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या इंग्रज मुलीला तो सुचला आणि लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात 18 मे 1844 रोजी छापून आला. पुढे हीच विंकवर्थ जर्मन भक्तिगीतांची इंग्रजी भाषांतरकार म्हणून नावाजली गेली.

तीन इंग्रजी शब्दांना लॅटिनमध्ये एक शब्द कसा पुरला? कारण कर्ता आणि काळ दोन्ही क्रियापदाच्या पोटात असतात. मराठी माणसाला हे नवे नाही. पायावर पाय पडला की आपण 'चुकलो' म्हणतो. 'मी' म्हणावे लागत नाही. 'पेक्कावी'ला 'चुकलो' हा अगदी तोलाचा मराठी शब्द. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्यात 'मी'साठी 'एगो' हा शब्द घालणाऱ्याचे लॅटिन म्हणूनच जड वाटते. या विनोदात आणखी एक धडा आहे. श्लेष इंग्रजीत आहे, लॅटिनमध्ये नाही. ध्वनीवर उभे राहिलेले वचन दुसऱ्या भाषेत नेले की त्याचा अर्थ जातो, गंमत मागे राहते.

शब्द नव्हे, कल्पना

ईस्ट इंडिया कंपनीचे लॅटिन ब्रीद तिच्या तांब्याच्या नाण्यांवर असे. त्यामुळे ते इथल्या बाजारपेठांतूनही फिरले. 'आउस्पिकियो रेगिस एत सेनातुस आंग्लिए', म्हणजे 'इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्या आश्रयाने'. प्राचीन रोममध्ये पार्लमेंट नव्हते. तेव्हा भाषांतर करणाऱ्याने रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेचे 'सेनातुस' हे नाव घेतले. पहिला शब्द तर अधिक रंजक आहे. पक्ष्यांचे उड्डाण पाहून रोमन लोक शुभाशुभ ठरवत. 'आविस' म्हणजे पक्षी, त्यावरून 'आउस्पिकियुम'. संस्कृतात 'शकुन' या शब्दाचा मूळ अर्थही पक्षी असाच आहे. 'राजाच्या शकुनाने' असे म्हटले तर मूळ लॅटिनचा रंग मराठीत अधिक उतरतो.

उलट्या दिशेचे उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. लॅटिन बायबलमधील कथा मराठी ओवीत आणताना त्यांनी स्वर्गासाठी नवा शब्द घडवला नाही. श्रोत्यांच्या ओळखीचा 'वैकुंठ' घेतला. ऐकणाऱ्याच्या मनात ती कल्पना कोणत्या शब्दाने वावरते, हे त्यांनी पाहिले. इंग्रजीतून लॅटिनकडे जाताना नेमके हेच करावे लागते.

'पॉवर' या एका शब्दासाठी लॅटिनमध्ये 'वीस', 'पोतेन्तिया', 'पोतेस्तास' आणि 'इम्पेरियुम' असे निरनिराळे शब्द आहेत. मराठीत बळ, सामर्थ्य, अधिकार आणि सत्ता यांत जसा फरक आहे, साधारण तसाच त्यांच्यात. 'फ्री'चेही तेच. मोफत असेल तर 'ग्रातिस', मुक्त असेल तर 'लीबेर'. मराठीत कोणता शब्द वापरला असता, हे आधी ठरवले की चुकीची वाट आपोआप बंद होते.

'ला' की 'कडे'?

'टू माय डॉटर' हे अर्पणपत्रिकेतील नेहमीचे शब्द. इंग्रजी 'टू' घरी जाण्यालाही लागतो आणि मुलीला देण्यालाही. शब्दकोश चाळणाऱ्याला प्रथम 'आद' सापडतो. परंतु 'आद' म्हणजे 'कडे'. अर्पण मुलीला करायचे, मुलीकडे निघायचे नाही. म्हणून चतुर्थीचे रूप घेऊन 'फिलिए मेए', म्हणजे 'माझ्या मुलीस', असे लिहितात.

'आद' कोठे योग्य ठरतो, हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्रीदात पाहावे. जेझुइट धर्मगुरूंनी 1869 मध्ये स्थापन केलेल्या या महाविद्यालयाचे ब्रीद 'प्रोवोकान्स आद वोलांदुम' असे आहे. अर्थ, 'उडण्यास प्रवृत्त करणारा'. उडणे म्हणजे 'वोलारे'. 'आद'च्या पुढे मात्र ते 'वोलांदुम' होते. 'उडणे'ला प्रत्यय लागताना 'उडण्या' होते, त्याचाच हा भाऊबंद.

निधनाच्या संदेशांत सर्रास लिहिली जाणारी 'आर.आय.पी.' ही अक्षरेही मुळात लॅटिन. 'रेक्विएस्कात इन पाके', म्हणजे 'शांतीत विसावो'. इंग्रजी 'रेस्ट इन पीस' मृत व्यक्तीला उद्देशून आज्ञा केल्यासारखे वाटते. लॅटिन वचन मात्र तिच्यासाठी केलेली प्रार्थना आहे. मराठीतील 'होवो', 'लाभो' यांतील 'ओ' जे काम करतो, ते लॅटिनमध्ये 'आत' करतो. दोघांची एकत्र समाधी असेल तर 'रेक्विएस्कांत' लिहावे लागते. आपण 'विसावोत' म्हणतो, तसे.

सर्वांत जवळचे साम्य नकारात आहे. 'नेव्हर गिव्ह अप'मधील 'गिव्ह' आणि 'अप' यांचे लॅटिन प्रतिशब्द जोडले तर 'वरच्या बाजूला द्या' अशासारखे काही तरी होते. 'हार मानू नकोस' असे मराठी करून घ्यावे, म्हणजे वाट सापडते : एकाला 'नोली केदेरे', अनेकांना 'नोलीते केदेरे'. 'नोली' हे 'नको असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. 'मला चहा नको' आणि 'जाऊ नकोस' या दोन्ही ठिकाणी मराठी एकच शब्द वापरते. लॅटिनची तऱ्हाही तीच. फक्त एक सावधगिरी हवी. आपण एकाच वडीलधाऱ्या माणसाला आदराने 'नका' म्हणतो. अभिजात लॅटिनमध्ये असे आदरार्थी अनेकवचन नाही, गुरुजींनाही 'नोली'च.

रानडे यांची सोनघंटा

वनस्पतिशास्त्रात लॅटिन ही हौस नव्हती, अट होती. 1 जानेवारी 1935 पासून, काही अपवाद वगळता, नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये दिल्याखेरीज तिचे नाव ग्राह्य धरले जात नसे. झाड हाती, नमुना जपलेला, इंग्रजी वर्णन तयार. तरी पानांच्या आकाराविषयीच्या चार ओळी लॅटिनमध्ये आणण्यासाठी जाणकार शोधावा लागे. विल्यम स्टर्न यांचा 'बोटॅनिकल लॅटिन' हा 1966 मधील ग्रंथ अशा अभ्यासकांचा आधार ठरला. 2011 मध्ये मेलबर्न येथील परिषदेत नियम बदलला आणि 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजी वर्णनही चालू लागले. नावे मात्र अजूनही लॅटिन वळणाचीच असतात.

त्यांत मराठी आडनावांनाही लॅटिन प्रत्यय लागले आहेत. सह्याद्रीतील सोनघंटा या दुर्मीळ वनस्पतीचे नाव 'अब्युटिलॉन रानडेई', म्हणजे 'रानडे यांची'. 'सेरोपेजिया महाबळेई'मध्ये महाबळे आहेत. भरूचा हे नाव 'आ'कारान्त, म्हणून 'क्लोरोफायटम भरूचे' असा वेगळा शेवट. प्राण्यांत 2004 मध्ये कोयना परिसरातून नोंदवलेल्या एका पाय नसलेल्या उभयचराला 'इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस' हे नाव मिळाले. 'एन्सिस' म्हणजे 'तेथला'. वनस्पतींच्या नावात असा प्रत्यय चुकला तर पुढचे अभ्यासक तो सुधारून घेतात आणि मूळ संशोधकाचे श्रेयही अबाधित राहते. दगडावरच्या आणि दंडावरच्या अक्षरांना ही सवलत नाही.

सोनपेठचे लॅटिन

आता एक प्रयोग करून पाहू. गावाच्या नावाची व्युत्पत्ती ठरवण्याचा येथे हेतू नाही. परंतु नावाचे सरळ दोन भाग पाडले तर 'सोन' आणि 'पेठ' मिळतात. इंग्रजीत 'गोल्डन मार्केट'. पेठेला लॅटिन शब्द 'फोरुम'. रोमन साम्राज्यात पेठेच्या नावावरून गावे वसली. 'फोरुम युलिई'चे फ्रान्समध्ये फ्रेझ्युस झाले, 'फोरुम लिविई'चे इटलीत फोर्ली. म्हणजे आपली पेठ तेथेही परकी नाही. सोन्याचा या अर्थी विशेषण 'आउरेउस'. 'फोरुम' नपुंसकलिंगी, म्हणून 'आउरेउम'. नाव झाले 'फोरुम आउरेउम'.

सोनपेठेत म्हणायचे असेल तर 'इन फोरो आउरेओ', सोनपेठेकडे 'आद फोरुम आउरेउम', सोनपेठेचे 'फोरी आउरेई'. दोन्ही शब्द बरोबरीने बदलतात, हे लक्षात घ्यावे. फरक इतकाच, की मराठीत प्रत्यय एकदाच शेवटी लागतो आणि लॅटिनमध्ये प्रत्येक शब्दाला लागतो. गावाचे मूळ नाव कायम ठेवून 'सोनपेठचा' असे विशेषण हवे असल्यास 'सोनपेठेन्सिस' असे रूप होईल.

कोरण्यापूर्वी हे पाहा

- वचन आधी साध्या मराठीत लिहा. कोण, कोणाला, कशासाठी, हे तीन प्रश्न विचारा. इंग्रजीत दडलेले लिंग, वचन आणि विभक्ती तेथेच उघड होतात.
- शब्दकोशात सापडलेले रूप हे प्रथमेचे असते. तेच जसेच्या तसे उचलू नका.
- एका इंग्रजी शब्दाला अनेक लॅटिन शब्द असतील, तर प्रत्येकाचा वापर कोठे होतो ते तपासा.
- यंत्राने दिलेले लॅटिन पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहणे हा पुरावा नव्हे. चुकीच्या रूपातूनही यंत्र बरोबर अर्थ ओळखते आणि चूक झाकली जाते.
- मूळ वचनच लॅटिन असेल, तर नवे भाषांतर करू नका. प्रचलित पाठ शोधा.
- अखेरीस लॅटिन शिकलेल्या किमान एका व्यक्तीला दाखवा. मुंबई, पुणे, गोवा येथील धर्मशिक्षण संस्थांत अशी माणसे भेटू शकतात.

विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्यात भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे, असे प्रतिपादन केले होते. 'पातेर' आणि पितर, 'मातेर' आणि मातर, 'सेप्तेम' आणि सप्त, 'इग्निस' आणि अग्नी हे शब्द शेजारी ठेवले की त्यांचे म्हणणे पटते. मराठी याच घराण्यातील असल्याने लॅटिनच्या वळणाची जाण आपल्याला घरबसल्या मिळालेली आहे. आपण मात्र ती बाजूला ठेवून इंग्रजीचे बोट धरतो आणि अडखळतो.

सोनपेठच्या घरातील स्मृतिचिन्ह आजही फळीवर आहे. पितळ घासून अक्षरे काढता येतील, असे कारागीर सांगतो. पण तशी इच्छा झाली नाही. त्याच्या पायथ्याशी एक कागदाची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर शाईने 'प्रो वेरिताते' असे लिहिले आहे आणि खाली मराठीत 'सत्यासाठी'. सत्याचे नाव घेणाऱ्याने आपली चूक लपवू नये, एवढे तरी त्या दोन शब्दांनी शिकवले.